तबकडी, नक्कल आणि रोजकीर्द : डेटाबेस राखण्याच्या विद्येचा इतिहास

१/
१९३६ साली न्यूयॉर्क राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे हर्मन नॉस्ट या अळिंबी उत्पादकाने एक लोहखनिज संपलेली खाण विकत घेतली. अंधार, ओल आणि वर्षभर सारखे तापमान. अळिंबीला आणखी काय हवे? पंधरा वर्षांनी अळिंबीचा बाजार बसला, पण अणुयुद्धाचे भय तेजीत होते. १९५१ मध्ये नॉस्टने त्याच खाणीत कागदपत्रांच्या सुरक्षित साठवणीचा धंदा मांडला आणि त्याला नाव दिले 'आयर्न माउंटन'. पहिले गिऱ्हाईक होते न्यूयॉर्कमधील ईस्ट रिव्हर सेव्हिंग्ज बँक. बँकेने खाणीत सोने ठेवले नाही. ठेवींच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म प्रती आणि खातेदारांच्या सह्यांच्या कार्डांच्या नकला ठेवल्या.

२/
मूळ वस्तू जिथे आहे तिथून दूर, वेगळ्या छताखाली, वेगळ्या माध्यमावर तिची नक्कल ठेवावी हा विचार संगणकापेक्षा जुना आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे. आज लिनक्स सर्व्हरवर डेटाबेस चालवणारा अभियंता डिस्क, प्रती आणि बॅकअप यांची आखणी करतो तेव्हा तो हाच विचार पुढे नेत असतो. मात्र मधल्या साडेसहा दशकांत एक घोळ वारंवार झाला. डिस्क मेली तर काय, यंत्र मेले तर काय आणि माणूस चुकला तर काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सापडले की तिन्ही सुटले, अशी समजूत प्रत्येक पिढीने करून घेतली. हा धागा त्या समजुतीचा इतिहास आहे.

३/
१९५१ हेच युनिव्हॅक या संगणकाचेही वर्ष. तो अमेरिकेच्या जनगणना विभागाकडे गेला आणि त्याच्यासोबत चुंबकीय फीत, म्हणजे टेप, व्यवहारात आली. टेपवर काम कसे चाले ते पाहा. कालची मुख्य फीत एका यंत्रावर, आजच्या व्यवहारांची फीत दुसऱ्यावर. दोन्ही वाचत जायच्या आणि नवी मुख्य फीत तिसऱ्या यंत्रावर लिहीत जायची. काम संपले की नवी फीत हाती येई आणि जुनी जशीच्या तशी शिल्लक राही. परवाची, कालची आणि आजची अशा तीन फितींना आजोबा, वडील आणि मुलगा म्हणत. आजची तुटली तर कालची फीत आणि व्यवहारांची फीत घेऊन पुन्हा गिरणी चालवायची.

४/
म्हणजे टेपच्या युगात बॅकअप हे वेगळे कामच नव्हते. जुने न पुसता नवे लिहिणे हा त्या माध्यमाचा स्वभाव होता. दळणासोबत कोंडा निघावा तशी नक्कल आपोआप निघे.

५/
१९५६ मध्ये हे बदलले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालील आयबीएमच्या गटाने रॅमॅक यंत्रासाठी पहिला व्यापारी डिस्क संच सिद्ध केला. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनाहून अधिक आणि क्षमता ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधले एक छायाचित्रही त्यात कदाचित मावले नसते. पण त्याने दिलेली सोय अपूर्व होती: हवी ती नोंद थेट गाठायची, जागच्या जागी बदलायची.

६/
जागच्या जागी बदलायची. या तीन शब्दांत पुढच्या सगळ्या अडचणी आहेत. नवी शिल्लक लिहिली की जुनी नाहीशी झाली. वीज मध्येच गेली तर नोंद ना जुनी राहिली ना नवी झाली. डिस्कने वेग दिला आणि त्या बदल्यात भूतकाळ काढून घेतला. बॅकअप हे स्वतंत्र, जाणीवपूर्वक आणि म्हणूनच विसरता येण्याजोगे काम झाले ते इथून.

७/
गमावलेला भूतकाळ परत आणण्याची युक्ती त्याच सॅन होजे शहरात, आयबीएमच्याच प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात आकाराला आली. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित डेटाबेसचा सिद्धांत मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरवणाऱ्या 'सिस्टम आर' प्रकल्पात जिम ग्रे हे तरुण संशोधक व्यवहारांच्या सुरक्षिततेवर काम करत होते. त्यांच्या कामाचा गाभा मराठी दुकानदाराला समजावून सांगावा लागणार नाही. आधी रोजकीर्द, मग खतावणी.

८/
पेढीवर व्यवहार झाला की तो प्रथम रोजकिर्दीत क्रमाने उतरतो. सवडीने त्याची खतावणी होते. खतावणी जळाली तरी किर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. डेटाबेसही तेच करतो. मूळ तक्त्याला हात लावण्याआधी बदलाची नोंद एका अखंड वाढत्या नोंदवहीत लिहितो, ती डिस्कवर पक्की झाली की 'व्यवहार पूर्ण' असे कळवतो आणि तक्ता सावकाश बदलतो. पोस्टग्रेसमध्ये या नोंदवहीला 'वॉल' म्हणतात. डिस्कने घालवलेली फीत अशी डिस्कच्याच पोटात परतली. या शास्त्राची परिपूर्ण मांडणी 'एरीज' नावाने मार्च १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

९/
या मांडणीतून आखणीचे काही नियम सरळ निघतात. नोंदवही आणि मूळ तक्ते शक्यतो वेगळ्या डिस्कवर असावेत. नोंदवहीवर एका ओळीत सलग लिहिले जाते आणि तक्त्यांवर इथे-तिथे उड्या मारत. दोघांची एका डिस्कवर ओढाताण होते. शिवाय खतावणीसोबत कीर्दही जळावी यासारखे दुर्दैव नाही. आणि नोंदवहीची पाने किती दिवस ठेवायची, त्यासाठी किती जागा राखायची, हे आधी ठरवावे लागते. हा शेवटचा मुद्दा पुढे फार महागात पडलेला दिसेल.

१०/
मात्र या साऱ्याला एक गृहीतक होते. 'डिस्कवर पक्के कर' असे डेटाबेसने सांगितले आणि लिनक्सने 'झाले' म्हटले, तर ते खरोखर झाले आहे. या आज्ञेचे नाव एफसिंक. मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे एक अस्वस्थ करणारी गोष्ट आली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवी, पण न लिहिली गेलेली पाने स्मृतीत 'स्वच्छ' म्हणून खुणावून मोकळा होई. डेटाबेसने पुन्हा तीच आज्ञा दिली की उत्तर येई: झाले. प्रत्यक्षात ती पाने डिस्कवर कधीच पोचलेली नसत.

११/
पोस्टग्रेस जवळपास वीस वर्षे दुसऱ्या प्रयत्नाच्या त्या उत्तरावर विसंबून होता. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून त्याने रीत बदलली. एफसिंक एकदा जरी फसले, तरी पुन्हा विचारत न बसता तो स्वतःहून कोसळतो आणि उठल्यावर रोजकिर्दीवरून खतावणी नव्याने मांडतो. हा अर्थात नंतरचा अध्याय; कथा १९८० च्या दशकात परत न्यायला हवी.

१२/
जिम ग्रे १९८० मध्ये आयबीएम सोडून टँडम या कंपनीत गेले होते. टँडमचा व्यवसायच मुळी न थांबणारी यंत्रे विकण्याचा. बँका आणि शेअर बाजार तिचे ग्राहक. तिच्या यंत्रात सगळे जोडीने असे: प्रोसेसर दोन, वीजपुरवठे दोन, प्रत्येक डिस्कला जुळी डिस्क. तरीही काही यंत्रे थांबत. का थांबतात, हे ग्रे यांनी १९८५ मध्ये ग्राहकांकडून आलेल्या नोंदी तपासून पाहिले. यंत्रभागांच्या बिघाडाचा वाटा होता १८ टक्के. सॉफ्टवेअरचा २५ टक्के. आणि यंत्र चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, त्याची मांडणी बदलणाऱ्या माणसांचा ४२ टक्के.

१३/
हा अहवाल संगणकाच्या इतिहासातील फार महत्त्वाच्या आणि फार कमी मनावर घेतल्या गेलेल्या कागदांपैकी एक म्हणावा लागेल. प्रत्येक वस्तू दुप्पट करणाऱ्या कंपनीच्या आकडेवारीतून दिसत होते की दुप्पट करून जे टळते ते टळले आहे. उरले आहे ते दुप्पट करून टळणारे नाही. जुळ्या डिस्कवरचा चुकीचा आदेश दोन्ही डिस्क तितक्याच इमानाने पाळतात.

१४/
पण उद्योगाचे लक्ष तेव्हा डिस्कच्या मरणाकडे होते, आणि त्याला कारण होते. मोठ्या संगणकांच्या डिस्क अवाढव्य आणि महाग, तर वैयक्तिक संगणकांच्या डिस्क लहान आणि स्वस्त. बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचारले की ७,५०० एमबीच्या एका आयबीएम डिस्कऐवजी १०० एमबीच्या ढीगभर छोट्या डिस्क का लावू नयेत? अडचण त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कच्या संचात दर ३०० तासांनी एक मरणार. म्हणजे दोन आठवडेही धड जाणार नाहीत.

१५/
१९८८ मध्ये शिकागोच्या परिषदेत वाचलेल्या त्यांच्या निबंधाने यावर उत्तर दिले आणि त्याला नाव मिळाले 'रेड'. युक्तीचा साधा अर्थ असा: चार आकडे चार कागदांवर लिहा आणि पाचव्या कागदावर त्यांची बेरीज. कोणताही एक कागद हरवला तर उरलेल्या चारांवरून तो पुन्हा लिहिता येतो. पाच डिस्कच्या किमतीत चार डिस्कची जागा आणि एका मृत्यूची माफी. नावातील 'स्वस्त' हा शब्द पुढे विक्रेत्यांना खुपू लागला. त्याच्या जागी 'स्वतंत्र' आला. महाग वस्तूला स्वस्त म्हणून कोण विकणार!

१६/
याच बर्कलीत, याच वर्षांत मायकेल स्टोनब्रेकर 'पोस्टग्रेस' घडवत होते. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची सुरुवात केली. १९९० चे दशक संपता संपता या तिन्ही धारा एकत्र आल्या. स्वस्त डिस्कांचे रेड संच, फुकट मिळणारे लिनक्स आणि फुकट मिळणारे डेटाबेस. १९९८ मध्ये ओरॅकलनेही लिनक्सवर येण्याची घोषणा केली. त्याच वर्षी हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले. त्यामुळे अनेक डिस्क मिळून एक सलग जमीन तयार करता येऊ लागली, तिचे हवे तसे तुकडे पाडता येऊ लागले आणि कोणत्याही क्षणी त्या तुकड्याचे 'छायाचित्र' घेता येऊ लागले. नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी३ ही फाइलप्रणाली लिनक्समध्ये आली. तिच्याजवळही स्वतःची छोटी रोजकीर्द होती. वीज गेल्यावर मोठ्या डिस्कची तासन्‌तास चालणारी तपासणी इतिहासजमा झाली.

१७/
एलव्हीएमच्या छायाचित्राबद्दल थोडे थांबणे भाग आहे. ते क्षणात निघते, कारण त्यात काहीच उतरवून घेतले जात नाही. पुढे एखादे पान बदलणार असेल तेव्हा फक्त जुने पान बाजूला ठेवले जाते. न बदललेली सारी पाने मूळ डिस्कवरचीच. म्हणजे डिस्क गेली की छायाचित्रही गेले. ते दुसऱ्या यंत्रावर वाहून नेले तरच बॅकअप होते. आणि तक्ते एका तुकड्यावर, नोंदवही दुसऱ्यावर असेल, तर दोन्हींची छायाचित्रे एकाच क्षणाची असावी लागतात. कीर्द सकाळची आणि खतावणी दुपारची असेल तर हिशेब जुळायचा नाही.

१८/
रेडची किंमत चुकीच्या जागी लावली तर काय होते, याचे उदाहरण 'जर्नलस्पेस' या अनुदिनी-संकेतस्थळाने २००९ च्या आरंभी घालून दिले. त्याची सारी माहिती दोन जुळ्या डिस्कवर होती. एक मेली तर दुसरी आहे, हाच तिथला बॅकअप. डिस्क दोन्ही जिवंत राहिल्या, पण त्यांवरील माहितीवर दुसरेच काही लिहिले गेले, अर्थात दोन्हींवर एकाच वेळी. कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या रोजनिशा नाहीशा झाल्या आणि संकेतस्थळ बंद पडले.

१९/
डिस्कच्या मृत्यूचा हिशेबही दिसतो तितका सोपा नव्हता. २००७ मध्ये बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी अभ्यासल्या. कारखान्याच्या पत्रकानुसार दरवर्षी ०.८८ टक्क्यांहून अधिक डिस्क बिघडायला नको होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणे ही सामान्य गोष्ट होती आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. शिवाय मरणे एकमेकांपासून स्वतंत्र नव्हती. एकीपाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यता वाढलेली दिसे. १९८८ च्या निबंधातील गणित बिघाड स्वतंत्र असतात असे धरून केले होते. आपल्याच तरुणपणीच्या गृहीतकाची एकोणीस वर्षांनी मोजपट्टी घेऊन तपासणी करणारे संशोधक विरळाच.

२०/
दरम्यान पोस्टग्रेसने पेढीची रीत पूर्ण आत्मसात केली होती. २००१ मध्ये त्यात नोंदवही आली. २००५ च्या जानेवारीत आठव्या आवृत्तीने ती नोंदवही बाहेर जपून ठेवण्याची सोय दिली. आठवड्याची एक पूर्ण प्रत आणि तेव्हापासूनची सारी पाने हाताशी असली की डेटाबेस कालच्या दुपारी ३ वाजून १२ मिनिटांच्या स्थितीत नेता येऊ लागला. चुकीचा आदेश ३ वाजून १३ मिनिटांनी दिला गेला असेल तर याचे मोल कळते. ग्रे यांच्या ४२ टक्क्यांवरचे खरे औषध हे होते.

२१/
२०१० मध्ये मात्र अधिक आकर्षक वस्तू आली. नोंदवहीची पाने दुसऱ्या सर्व्हरकडे अखंड वाहत ठेवायची. तो काही क्षणांच्या अंतराने मुख्य सर्व्हरची हुबेहूब प्रतिमा बनून राहतो. मुख्य पडला की दुय्यम उभा. यंत्र मेले तर काय, या प्रश्नाचे हे उत्तम उत्तर आणि माणूस चुकला तर काय, याचे मुळीच नाही. अनेकांनी मात्र या सावलीलाच नक्कल मानले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत जे घडले ते इथून समजते.

२२/
गिटलॅबवर जगभरचे प्रोग्रॅमर आपले प्रकल्प ठेवत. तिचा मुख्य डेटाबेस सुमारे ३०० जीबीचा, पोस्टग्रेसवर चालणारा. सर्व्हर दोन, डीबी१ मुख्य आणि डीबी२ सावली. त्या संध्याकाळी संशयित स्पॅममुळे भार वाढला. सावली मागे पडू लागली. मुख्य सर्व्हर जुनी पाने ठरावीक मर्यादेपलीकडे साठवत नव्हता आणि ती बाहेर कुठे जपलीही जात नव्हती. डीबी२ ला हवी असलेली पाने डीबी१ ने पुसून टाकली होती. रोजकिर्दीतली मधली पानेच नाहीत म्हटल्यावर सावलीला पुन्हा पहिल्यापासून पूर्ण प्रत देण्यावाचून मार्ग नव्हता.

२३/
इथे डिस्कच्या आखणीतील जुना पेच उघडा पडतो. पाने फार ठेवली तर एक दिवस डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. कमी ठेवली तर मागे पडलेली सावली तुटते. पाने तिसऱ्या जागी वाहून नेणे ही त्यातली वाट आणि ती २००५ पासून उपलब्ध होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ यावी, तशी ती रात्र होती.

२४/
एक अभियंता उशीर झाला म्हणून काम आवरण्याच्या बेतात होता. सावलीच्या बिघाडामुळे तो थांबला. डीबी२ ची माहिती रिकामी करून नवी प्रत घेण्याचा आदेश त्याने दिला. मुख्य सर्व्हरने अपुऱ्या जोडण्यांची तक्रार केली. मर्यादा वाढवली तर पोस्टग्रेस पुन्हा सुरू होईना, कारण एकाच वेळी ८,००० जोडण्यांची परवानगी दिलेली होती. ती २,००० वर आणली. मग प्रत घेणारा प्रोग्रॅम सुरू झाला आणि काहीही न बोलता स्तब्ध बसला. तो बिघडला नव्हता. मुख्य सर्व्हरच्या एका टप्प्याची मुकाट्याने वाट पाहत होता. पण हे तो सांगत नव्हता.

२५/
अभियंत्याला वाटले, आधीच्या प्रयत्नातून उरलेल्या फाइली आड येत असाव्यात. त्याने डीबी२ वरील माहितीचा फोल्डर पुसण्याचा आदेश दिला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की आपण डीबी१ वर आहोत. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री ११ वाजून २७ मिनिटांनी त्याने आदेश थांबवला. ३०० जीबीपैकी सुमारे ४.५ जीबी उरले होते. सावली तर दुरुस्तीसाठी आधीच रिकामी केलेली.

२६/
आता बॅकअपचा शोध सुरू झाला. रोजची पूर्ण प्रत अ‍ॅमेझॉनच्या साठवणीत जायला हवी होती. तिथे काहीच नव्हते. प्रत घेण्याचा प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर चाले तिथे डेटाबेसचा फोल्डर नसल्याने त्याने पोस्टग्रेसची आवृत्ती ९.२ गृहीत धरली होती. डेटाबेस होता ९.६ चा. त्यामुळे रोज प्रयत्न होई आणि रोज फसे. फसल्याची ईमेलही रोज निघे, पण ईमेलच्या सत्यतेसाठीची स्वाक्षरी त्यांवर नसल्याने ती पलीकडे नाकारली जाई. अझ्युरच्या डिस्कची छायाचित्रे घेण्याची सोय होती. फाइलींच्या सर्व्हरवर ती चालू होती, डेटाबेसच्या सर्व्हरवर नव्हती, कारण डेटाबेसचे इतर बॅकअप पुरेसे आहेत असे मानले गेले होते.

२७/
कंपनीने त्याच रात्री जाहीर केले की पाच निरनिराळ्या उपायांपैकी एकही विश्वासार्हपणे चालत नव्हता किंवा मुळात बसवलेलाच नव्हता. एवढी स्वच्छ कबुली या क्षेत्रात दुर्मीळ. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले गेले आणि एका वेळी ५,००० हून अधिक लोक ते पाहत होते.

२८/
वाचवले ते एका योगायोगाने. एलव्हीएमची छायाचित्रे २४ तासांतून एकदा चाचणीच्या यंत्रावर जात. पण त्या दिवशी ५ वाजून २० मिनिटांनी एकाने आपल्या वेगळ्या कामासाठी, चाचणीच्या यंत्रावर ताजी माहिती हवी म्हणून, हाताने एक जादा छायाचित्र घेतले होते. ते घेणारा अभियंता आणि रात्री आदेश देणारा अभियंता एकच. कंपनीच्या अहवालात त्याचे नाव नाही. केवळ 'टीम-मेंबर-१' असा उल्लेख आहे.

२९/
प्रत सापडली तरी ती परत आणायला सुमारे १८ तास लागले. चाचणीच्या यंत्राला स्वस्त, मंद डिस्क दिलेल्या. तिथे कधी घाईचे काम पडेल असे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. बॅकअप किती वेळाचा आहे हा एक प्रश्न आणि तो किती वेळात परत येतो हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर डिस्क खरेदी करतानाच ठरून गेलेले असते. सेवा १ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाच्या सुमारास परतली.

३०/
मूळ प्रोग्रॅमच्या फाइली वेगळ्या सर्व्हरवर असल्याने सुरक्षित राहिल्या. मात्र ५ वाजून २० मिनिटांपासून मध्यरात्रीपर्यंत डेटाबेसमध्ये जे लिहिले गेले ते गेले: सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल आला. त्यानंतर नोंदवहीची पाने बाहेर साठवली जाऊ लागली, छायाचित्रे तासाला एक निघू लागली आणि बॅकअपवरून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, याची यंत्राकडूनच नियमित तपासणी होऊ लागली. मुख्य आणि दुय्यम सर्व्हर नजरेला वेगळे दिसावेत म्हणून आदेशाच्या ओळीचे रूप बदलण्याचे कामही यादीत होते.

३१/
डेटाबेस पुन्हा खुला करण्यापूर्वी त्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक तक्त्यातील अनुक्रमांक १,००,००० ने पुढे ढकलले. हरवलेल्या साडेसहा तासांत जे क्रमांक कोणाला तरी देऊन झाले होते, ते पुन्हा दुसऱ्याच कोणाला मिळू नयेत, एवढ्यासाठी. पेढीच्या किर्दीत पाने फाटली तर नवा कारकून क्रमांक मागून सुरू करत नाही, तसेच हे. त्या तक्त्यांत त्या दिवसापाशी क्रमांकांची एक मोठी मोकळी जागा आहे.